पोदेराचा भोंपू आणि थायरॉइडची गोळी

(गोव्यातल्या फोंड्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापला आहे ‘थायरॉइड, मन आणि झोप यांची औषधं आणि आपला आहार’. वेळ 40 मिनिटं, त्यातली 10 दीपप्रज्वलन आणि नारळ देण्याघेण्यात गेली. म्हणून प्रस्तावना नाही, थेट हात वर करायला लावतो. थायरॉइडची गोळी कोण कोण घेतं? अर्धं सभागृह. छान. आता हात वरच ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच दुधाचा चहा कोण घेतं, त्यांनीच ठेवा. बघा, एकही हात राहिला नाही. फोंडा तालुक्यात सकाळी सहाला चहा पिणारं कुणीच नाही, हे मला आज कळलं.

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘रिकाम्या पोटी’. दोनच शब्द, आणि माझी सगळी तक्रार या दोन शब्दांवर आहे. कारण आपल्याकडे चहाला कुणी खाणं म्हणत नाही. ‘काही खाल्लं नाही हो, फक्त चहा घेतला’ हे वाक्य प्रत्येक घरात आहे. एकादशीलासुद्धा चहा चालतो, मग गोळीला का चालू नये?

तर का चालू नये ते बघू. ही गोळी म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. तिची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. 50 ची गोळी म्हणजे एका ग्रॅमचा 20,000 वा भाग. गोळी दिसते तेवढी असते ती बाकीच्या भुकटीमुळे. हे औषध लहान आतड्यात शोषलं जातं, आणि शोषलं जातं तेही साधारण 40 ते 80 टक्केच. पोट रिकामं असलं तर 80 च्या बाजूला, भरलेलं असलं तर 40 च्या बाजूला. आता कपभर चहात 50 मिली दूध धरा. त्यात 60 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आलं, म्हणजे गोळीतल्या औषधाच्या 1,200 पट. कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं, आणि ते धरलेलं औषध तसंच शरीराबाहेर जातं. कॉफी तर दूध न घालताही शोषण कमी करते, त्यामुळे ‘आम्ही कोरी घेतो’ म्हणून सुटका नाही.

पण अर्धी गोळी वाया गेली, इतकंच असतं तर मी इथे उभा राहिलो नसतो. पुढे काय होतं ते ऐका. समजा ढवळीतलं एक घर. खरं नव्हे, मी रचलेलं. तिथल्या वहिनी 75 ची गोळी घेतात. सकाळी सहाला पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू वाजतो, वहिनी गरम पोई, म्हणजे आपला गावठी पाव, घेतात, आधण ठेवतात, गोळी तोंडात टाकतात आणि वर चहा. तीन महिन्यांनी रक्ततपासणीत टीएसएच येतो 9. हा आकडा उलटा चालतो, थायरॉइडचं औषध कमी पडलं की चढतो, जास्त झालं की उतरतो. डॉक्टर विचारतात, ‘गोळी रोज घेता ना?’ ‘रोज घेते.’ खरंच आहे ते. कशाबरोबर घेता, हे डॉक्टर विचारत नाहीत आणि वहिनी सांगत नाहीत. गोळी 100 ची होते.

मग मे महिन्यात सून मडगावहून राहायला येते. ती कुठेतरी वाचते आणि शिस्त लावते. पहाटे साडेपाचला पाण्याबरोबर गोळी, चहा सातला. सून शहाणी आहे, तिने केलं ते बरोबरच केलं. पण आता 100 ची गोळी पुरेपूर अंगात जायला लागली, आणि वहिनींना कदाचित 75 च पुरेशी होती. हे औषध रक्तात अर्धं व्हायलाच 7 दिवस घेतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. दीड-दोन महिन्यांनी छातीत धडधड, हाताला बारीक कंप, पहाटे तीनला टक्क जाग, आणि सुनेवर विनाकारण चिडचिड. घरचे काय निदान करतात? सून आली म्हणून! मग मनःशांतीसाठी एक गोळी, झोपेसाठी एक गोळी. डब्यात एकाच्या तीन झाल्या. टीएसएच तेव्हा केला असता तर 0.1 दिसला असता. साठीनंतर टीएसएच असा दबलेला राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं झिजू शकतात. आणि हे सगळं सुरू झालं एका चहाच्या कपापासून.

मी घर रचलेलं म्हणालो, तरी तिसऱ्या रांगेत काही जण एकमेकांकडे बघायला लागलेत.

माझं म्हणणं एवढंच, की मात्रा वाढवण्याआधी वेळ तपासा. आणि वेळ बदललीत तर तो औषधातला बदल समजा. डॉक्टरांना सांगा आणि 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच करा.

उपाय पोदेरच देतो. उशाशी गोळी आणि साध्या पाण्याचं भांडं ठेवा. भोंपू वाजला की गोळी घ्यायची आणि मग पाव आणायला जायचं. पोई 30 मिनिटं थांबेल, 60 थांबली तर उत्तमच. थंड झाली तर तव्यावर शेकून घ्या. ज्यांना हे जमतच नाही त्यांना रात्रीचा पर्याय आहे, शेवटच्या खाण्यानंतर 3 तासांनी. आठला जेवलात तर अकराला. मात्र मधे हळदीचं दूध नको. डॉक्टरांशी बोलून दोन्हींपैकी एक ठरवा. आज सकाळी, उद्या रात्री, असं करू नका.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांना 4 तासांचं अंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, लोह संध्याकाळी. पित्तावरचं पातळ औषधही 4 तास लांब. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी पोटातलं आम्लच कमी करते. आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही आणि मात्रा वाढवावी लागू शकते. तिथे अंतर ठेवून भागत नाही, डॉक्टरांच्या कानावर घालावं लागतं. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी निदान 2 दिवस ते बंद ठेवा. काही तपासण्यांमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो, आणि वहिनींची गोष्ट उलटी सुरू होते. त्या दिवशीची थायरॉइडची गोळीही रक्त देऊन झाल्यावर.

आणखी एक, पावसाळा. आपल्या दमट हवेत ही गोळी लवकर खराब होते. बाटली ओट्याच्या वर नको, न्हाणीघरात नको. झाकण घट्ट. आठवड्याच्या खणांच्या डब्यात आठवड्यापुरत्याच गोळ्या काढा.

आता माझा आवडता राग, म्हणजे फोनवर फिरणारी ‘बंद’ची यादी. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद, नाचणी बंद, सोयाबीन बंद. थायरॉइड झालं म्हणून आजीची नाचणीची आंबील बंद करणारी घरं आहेत, आणि त्याच घरात गोळीवर चहा चालू! कोबीतले घटक थायरॉइड ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत हे खरं. पण त्यासाठी कच्चा कोबी भरपूर आणि रोज खावा लागतो, आणि मुळात आयोडीन कमी असावं लागतं. तुम्ही तर तयार हार्मोनच गोळीतून घेताय. शिजवलेली कोबीची भाजी खुशाल खा. नाचणीची आंबील दहा-अकराला घ्या. सोयाबीनही विष नव्हे, ते शोषण कमी करतं, म्हणून गोळीच्या जवळ नको. आणि आज किलोभर, मग महिनाभर काहीच नाही, असंही नको.

मिठाचंही असंच. आगरातलं जाडं मीठ आपल्याला प्रिय, लोणच्याला तर तेच हवं. पण त्यात आयोडीन नगण्य. उपवासाच्या सैंधवातही तेच. गोळी घेणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही, कारण थायरॉक्सिनच्या रेणूतच आयोडीन असतं. पण त्याच पातेल्यातलं घरातली पोटुशी मुलगी आणि नातवंडंही जेवतात. रोजच्या आमटी-हुमणात आयोडीनयुक्त मीठच घाला.

उपवास. ‘सोमवारी गोळी चालते का?’ पाण्याचा घोट चालत असेल तर गोळी चालते. एक दिवस चुकली तर आकाश कोसळत नाही. पण दर सोमवार आणि दोन एकादश्या धरल्या तर महिन्यात 6-7 दिवस होतात, म्हणजे औषधाचा पाचवा हिस्सा देवाला वाहिला. देवाने तो मागितलेला नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 10 मिनिटं. आणि मन, झोप दोन्ही राहिलंय. ठीक आहे, धावत जाऊ.

सगळ्यात महत्त्वाचं लिथियम, मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध. लिथियम स्वतः एक क्षारच आहे, मिठाच्या कुटुंबातलं. 1940 च्या दशकात अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं गेलं. माणसं दगावली आणि 1949 मध्ये ते बाजारातून काढलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दाखवून दिला. एकाच वर्षी तेच द्रव्य एकीकडे विष ठरलं आणि दुसरीकडे औषध. फरक मात्रेचा. रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल हवं, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. इतकी अरुंद वाट.

आणि ही वाट स्वयंपाकघरातून जाते. अंगातलं सोडियम कमी झालं की मूत्रपिंड सोडियम परत खेचतं, त्याच्याबरोबर लिथियमही खेचतं, आणि रक्तातली पातळी चढते. म्हणजे अळणी उपवास, निर्जळी एकादशी, मे महिन्यातला घाम, उलट्या-जुलाब, किंवा रक्तदाबासाठी ‘उद्यापासून मीठ बंद’, यातलं काहीही. लिथियम घेणाऱ्याने मीठ जास्त खायचं नाही, कमीही नाही, रोज सारखं खायचं. मीठ कमी करायचंच असेल तर आधी लिथियम देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, यांनीही पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलटी, जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन, त्याच दिवशी. पातळीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी नंतर. आणि लिथियममुळे थायरॉइड मंद होऊ शकतं, म्हणून दर 6 महिन्यांनी टीएसएच. बघा, फिरून तिथेच आलो.

नैराश्याच्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन. मळमळत असेल तर खाऊन घ्या. सर्ट्रालिन सुरू झाल्यावर काहींना थायरॉक्सिन जास्त लागतं. उतारवयात या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर जास्तच. डोकं दुखतं, माणूस बरळतो, पडतो, आणि आपण म्हणतो वय झालं. वय नव्हे, सोडियम तपासा.

लुरासिडोन नावाची मनाच्या आजारावरची गोळी पोटात किमान 350 कॅलरी असतील तरच नीट लागू होते. उपाशीपोटी घेतली तर निम्मीच अंगी लागते. सोमवारी रात्री केळं आणि पेलाभर दूध घेतलं तर फार तर 250 होतात. साबुदाण्याची खिचडी ताटलीभर खाल्ली तर होऊन जातात. शेंगदाण्याच्या कुटाचं कौतुक करायची संधी औषधशास्त्र क्वचितच देतं.

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधतो, तिच्यातलं तोरंजन, म्हणजे पपनस. ग्रेपफ्रूट हे त्याचंच अपत्य. क्वेटियापिन किंवा कार्बामाझेपिन ही मनाच्या आजारांत दिली जाणारी औषधं घेणाऱ्यांनी ते माटोळीलाच राहू द्यावं, कारण त्यातले घटक औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि औषध रक्तात वाढतं.

झोपेची झोल्पिडेम. भरपेट जेवून लगेच घेतली तर तिचा परिणाम पाऊण तासाने लांबतो. अर्धा तास झोप येत नाही म्हणून माणूस दुसरी घेतो, मग दोन्ही एकदम लागू होतात, आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर पडतो. जेवण साडेसातला, गोळी अंथरुणावर बसून, आणि पुढे 7-8 तास झोपायची सोय असेल तरच. जत्रेचा काला बघायला जायचं असेल त्या रात्री नको. हुर्राक किंवा फेणी घेतलेल्या रात्री झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम काहीच नको, ‘थोडीशी’ घेतली असेल तरीही. श्वास मंदावतो. आणि महिनोन्महिने चाललेली ही गोळी एका रात्रीत सोडूही नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरी-पायरीने उतरवा.

घंटा वाजली. प्रश्न बाहेर घेऊ, तिथे चहा ठेवलाय. सकाळची गोळी आता कुठल्या कुठे गेली असेल, तेव्हा थायरॉइडवाल्यांनी निश्चिंत घ्या. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी मात्र साडेसहा वाजलेत हे बघून अर्धा कपच घ्या.