आपलं म्हणणं आपणच मांडायचं

हे ठाण्याचं शाआर हशामाइम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1879 सालचं. रविवारची सकाळ आहे आणि आत जमलेत ते बहुतेक पंचविशी-तिशीतले, कुणी आयटीत, कुणी सीए, कुणी फिजिओथेरपिस्ट, आठवडाभर लोकल आणि ऑफिस करून सुट्टीच्या दिवशी समाजाचं काम कसं करायचं ते शिकायला आलेत. सगळे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू.

आता हे नीट बघा. सरावासाठी टेबलापलीकडचा मुलगा झालाय सरकारी अधिकारी, अलीकडची मुलगी अर्ज घेऊन उभी. तो विचारतो, ज्यू म्हणजे ख्रिश्चनांतलेच ना? ती हसते, अडखळते, की परत पहिल्यापासून. तीन मिनिटांत समाज कोण, मागणी काय, कागद कुठले, सगळं बसलं पाहिजे. पाल्हाळ लावलं की ट्रेनर घड्याळ दाखवतो. ख्रिश्चनांतलेच ना, हा प्रश्न यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागलाय.

या समाजाला पुढाकार घ्यायची सवय जुनीच. कोकणात तेलघाणा चालवायचे, शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तो बंद ठेवायचे म्हणून नाव पडलं शनवार तेली. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी शाळा काढली. जेरुशा झिराड पुढे नामवंत डॉक्टर झाल्या, पण त्याआधीच, 1913 मध्ये, ऐन विशीत त्यांनी स्त्री मंडळ उभं केलं. आणि डॉ. ई. मोझेस तर 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा, रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

दुपारी मलिदा. भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, बाजूला फळं, एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया, त्यांच्या नावाने. ताट आँटी लावतायत, पण आज प्रार्थना म्हणायची जबाबदारी मुलांवर आहे.

2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर फॉर्मवर धर्म म्हणून 'इतर' लिहावं लागायचं. बरेच जण इस्राएलला गेले, राज्यात समाज अडीच हजारांच्या आसपास उरलाय, त्यामुळे बोलणारी माणसं तयार करणं आता थांबवून चालणारच नाही.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरातले जुने कागद आणायचेत, शाळेचे दाखले, आजी-आजोबांचा केतुबा म्हणजे लग्नाचा करार, जे सापडेल ते, आणि त्यावरून अर्ज भरायचा सराव होणार आहे.