माया किती सोडायची

(दृश्य: सकाळचं कापसाचं वावर. बाया ओळीनं वेचत पुढं सरकताहेत. थोडा वेळ फक्त पऱ्हाटीची सळसळ.)

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि आमच्या वर्गाला सुट्टी लागते. वेचणीची मजुरी किलोवर असते. एरवी दुपारी दीडला समाजमंदिरात कात्री घेऊन बसणाऱ्या बाया मग दिवस मावळेपर्यंत वावरातच.

वर्धा जिल्ह्यातल्या या गावात मी कापडी वस्तूंचं डिझाइन शिकवते. पहिल्यांदा आले तेव्हा पंधरा दिवसांसाठी आले होते. सोबत आठ नमुने होते: टेबल रनर, कुशन कव्हर, तसंच काहीबाही. बायांनी ते हुबेहूब शिवले. मी गेले, ऑर्डर संपली आणि ते नमुने पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. ज्यांच्या घरात टेबलच नाही, त्यांनी रनरची लांबी कशावरून ठरवायची? तो प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता, आणि त्यांनीही मला विचारावा अशी मी जागाच ठेवली नव्हती.

म्हणून दुसऱ्या वर्षी नमुने आणले नाहीत. वेचणीला त्यांच्याबरोबर गेले.

(दृश्य: कमरेला बांधलेली ओटी, कापसानं फुगलेली. बाई वाकते, सरळ होते.)

कमरेची ही ओटी पाहा. जसजशी भरते तसा भार सगळा पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. संध्याकाळी पाठ भरून येते, हे प्रत्येकीला ठाऊक. मी एवढंच विचारलं, ही दुसऱ्या तऱ्हेनं शिवता येईल का?

वेचणी संपल्यावर वर्ग भरला तो या प्रश्नावर. आधी वर्तमानपत्राची पिशवी कापली. पट्टा खांद्यावर घ्यायचा ठरलं. पट्टा अरुंद झाला तर काचतो, फार रुंद झाला तर हात अडतो. तोंड एवढं हवं की न बघता मूठ आत गेली पाहिजे. मग जुन्या लुगड्याची शिवली, घरातला कापूस भरून अंगणात चालून पाहिलं. उसवली. पुन्हा शिवली. भरलेली पिशवी उपडी करताना दमछाक व्हायची, तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या आजी म्हणाल्या, “उलटी कायले करता वं? बुडातूनच सोडा ना.” बूड उघडं ठेवलं, नाडीनं बांधलं. नाडी ओढली की कापूस खाली.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. आपल्याकडच्या सगळ्या वस्तूंत त्यांनी लोट्याचं मनापासून कौतुक केलं होतं. त्या अहवालातून पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोटा म्हणजे आमचा गडवा. वर्गात मधोमध गडवा ठेवते आणि विचारते, याचा गळा असाच का? धार कशी पडते? आत हात जातो का, घासता येतो का? तासभर कुणी बोलायचं थांबत नाही.

(दृश्य: टेप, खडू, कापडावरची रेघ.)

एक धडा मात्र महागात पडला. चाळीस पिशव्यांची ऑर्डर होती, रुंदी १२ इंच. बायांनी कापड बरोबर १२ इंच कापलं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला आणि तयार पिशवी ११ इंचांची झाली. माल परत आला. शिवणीसाठी जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. मी तो शब्द सांगितला होता, पण हातानं करून घेतला नव्हता. आता कापायला बसलं की कुणीतरी ओरडतंच, “माया सोडली का वं?”

त्याहून कठीण गोष्ट किंमत. वाकळ शिवायला किती दिवस लागतात, विचारलं तर उत्तर येतं, “रिकाम्या वेळी शिवतो जी.” रिकाम्या वेळाला दाम लावायची सवयच नाही. तिकडे भंडाऱ्याकडं करवतकाठी साडी विणतात, अंगात टसर रेशीम आणि काठावर करवतीचे दाते. तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधनं, चालवून काठ आणि अंग एकमेकांत गुंतवतात. नाव होतं विणकराचं. त्याच्यासाठी धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईचे तास कुठल्याच वहीत नसतात. मला हे फार लागतं.

मग हिशेब वेचणीच्या भाषेत मांडला. वाकळीला बसलात तेवढ्या दिवसांत किती किलो वेचला असता? उत्तर क्षणात आलं, रुपयांत. कापड, दोरा, ते दिवस, वर थोडा नफा. १९३७ साली इथंच वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. पुढच्या महिन्यात याच बायांनी एक ऑर्डर नाकारली, दर पुरत नाही म्हणून.

(दृश्य: होळीनंतर. पळसाची फुलं, चुलीवर पातेलं.)

फाल्गुनात रंग शिकतो. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड तुरटीच्या पाण्यात बुडवलं की पळसाचा पिवळा पक्का बसतो. तेच कापड लोखंडाच्या पाण्यात टाकलं की काळपट होतं. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात काही दिवस मुरवले की ते लोखंडाचं पाणी तयार होतं. प्रत्येकीची वही आहे. कापडाचा तुकडा, तुरटी किती ग्रॅम, पाणी विहिरीचं की नळाचं. पाण्यात लोह असलं तर रंग मळकट येतो, म्हणून हेही लिहायचं.

(दृश्य: पुन्हा वावर. यंदाची वेचणी.)

यंदा वावरात गेले तर पिशवी बदललेली दिसली. पट्ट्याच्या बाजूला बाहेरून एक लहान कप्पा. मी सांगितलेला नव्हता. विचारलं तर वेचता वेचताच एकीनं दाखवलं: डागाळलेला कवडी कापूस त्यात टाकायचा, पांढऱ्यात मिसळला की भाव पडतो. कप्प्याला माया अर्धा इंच सोडली होती.