जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला कोणतं तेल?

मंडळी, काही दिवसांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्यापासूनच सुरुवात करतो. ऑटोमॅटिक, साधारण बारा वर्षांची. नव्या मालकानं घेतल्या घेतल्या गिअरबॉक्सचं तेल बदलून घेतलं होतं. आठवडाभरात तक्रार सुरू झाली. पन्नास-साठच्या वेगाला पाय स्थिर ठेवला की गाडी थरथरायची, जणू रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून चाललीय. अॅक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की थरथर गायब. मी डिपस्टिक काढून पाहिली. तेल स्वच्छ होतं, लालभडक, पातळीही बरोबर. दोष एकच, ते त्या गिअरबॉक्सचं तेल नव्हतं. योग्य तेल आणून ते टप्प्याटप्प्यानं तीनदा बदललं, तेव्हा थरथर थांबली. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही.

इंजिन ऑइलची सवय असल्यामुळे आपण धरून चालतो की तेलाचं काम भाग गुळगुळीत ठेवण्याचं. मॅन्युअल गिअरबॉक्सपुरतं ते बरंचसं खरं आहे. ऑटोमॅटिकमध्ये तेलाकडे आणखी चार कामं असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद पुढे जाते ती तेलातून. गिअर बदलण्याचं काम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमधून दाब जातो तोही तेलाचा. उष्णता बाहेर वाहून नेतं तेल. आणि सगळ्यांत अवघड काम क्लचचं. ऑटोमॅटिकमधल्या क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतात. एक पोलादी, एक कागदासारख्या अस्तराची, अशा एकाआड एक. गिअर बदलताना त्या एकमेकींवर दाबल्या जातात, आधी थोड्या घसरतात आणि मग घट्ट धरतात. किती घसरायचं आणि कधी धरायचं, हे ठरतं तेलातल्या घर्षण नियंत्रित करणाऱ्या रसायनांवर. म्हणजे दात्यांवर जे तेल निसरडं हवं, त्याच तेलात क्लचनं पकडही घ्यायची. त्या बारा वर्षांच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, धर-सोड धर-सोड करत होता, कारण तेलाचं घर्षणाचं गणित वेगळ्या गिअरबॉक्ससाठी मांडलेलं होतं.

म्हणून मी तेलाला गिअरबॉक्सचा एक सुटा भाग मानतो. बेअरिंग घेताना आपण नंबर बघतो, 'चांगलं बेअरिंग द्या' म्हणत नाही. तेल घेतानाही नंबरच बघायचा.

लाल रंगाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण निम्मे घोटाळे तिथे होतात. ऑटोमॅटिकचं तेल लाल करतात ते गळती ओळखता यावी म्हणून. गाडीखाली लाल डाग दिसला की इंजिनाचं तेल नव्हे, हे कळतं. रंगाला यापलीकडे अर्थ नाही. १९६७ च्या सुमारास जनरल मोटर्सचं डेक्सरॉन आणि फोर्डचं टाइप एफ अशी दोन तेलं बाजारात होती. दोन्ही लाल. डेक्सरॉनमध्ये घर्षण मऊ करणारी रसायनं होती, टाइप एफमध्ये ती मुद्दाम नव्हती, कारण फोर्डला क्लचची पकड चटकन आणि कडक हवी होती. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं तर गिअर एकतर हिसका देऊन पडणार, नाहीतर घसरत राहणार.

त्या काळच्या तेलांतल्या त्या मऊपणामागे एक महत्त्वाची गोष्ट होती, स्पर्म व्हेलचं तेल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली. रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला आणि पुढे डेक्सरॉन २ आलं. त्याच्या पहिल्या रूपानं तेल थंड करणाऱ्या कूलरमधल्या डाख दिलेल्या जोडांना गंज धरायला लागला, म्हणून गंजरोधक घालून ते पुन्हा सुधारावं लागलं. एक घटक बदलला तर नुकसान कुठल्या कोपऱ्यात जाऊन निघालं बघा! 'लालच आहे ना, चालतंय' असं कुणी म्हटलं की मला ते डाखाचे जोड आठवतात.

आता जुन्या गाडीची खरी अडचण. माहितीपुस्तकात जे नाव छापलंय ते तेल आज मिळतच नाही, असं सर्रास होतं. पुस्तकात डेक्सरॉन ३ असतं. जनरल मोटर्सनं त्याचे परवाने देणं २००६ च्या अखेरीस थांबवलं आणि त्याच्या जागी डेक्सरॉन ६ सांगितलं. हे पातळ असतं, पण जास्त टिकाऊ. फोर्डचं साधं मर्कॉन असंच मागे पडलं आणि त्याच्या जागी मर्कॉन ५ आलं. होंडाच्या झेड१ ची जागा डीडब्ल्यू-१ नं घेतली. यावरून 'नवं ते जुन्यात चालतं' असा नियम मात्र काढू नका. टोयोटाचं टी-४ जुनं आणि डब्ल्यूएस नवं, पण डब्ल्यूएस हे टी-४ च्या जागी घालायचं तेल नाही. ते बरंच पातळ आहे आणि वेगळ्या गिअरबॉक्ससाठी केलेलं आहे. त्यामुळे प्रश्न नेहमी एकच विचारायचा: माझ्या तेलाच्या बदल्यात *उत्पादकानं* काय सांगितलंय? दुकानदार काय म्हणतो, मित्राच्या गाडीत काय चाललं, हे त्यानंतर.

आणि त्याआधी एक गोष्ट, जी जुनी गाडी घेणारे हमखास सोडून देतात. आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे? एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या वर्षी साध्या ऑटोमॅटिकमध्ये, सीव्हीटीमध्ये आणि एएमटीमध्ये आलेली असू शकते. आतून गिअरचा दांडा जवळजवळ सारखाच दिसतो. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि त्यांच्यात दाबलेला पोलादी पट्टा असतो, लोखंडावर लोखंड धरून ताकद पुढे जाते. तिथे साधं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, घातलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात आणि ते चरे तेल बदलून भरून येत नाहीत. एएमटी म्हणजे तर आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्याला गिअर ऑइल लागतं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं. तेव्हा दारावरची किंवा बॉनेटखालची पट्टी बघा, गिअरबॉक्सचा कोड लिहून घ्या आणि मग तेलाचं नाव शोधा.

'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलेले डबे मिळतात. सगळेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही जुन्या, साध्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ते व्यवस्थित चालतात. डब्याची मागची बाजू मात्र नीट वाचा. उत्पादकाची मान्यता मिळालीय असं तिथं लिहिलंय, की 'या गाड्यांसाठी योग्य' एवढंच? दुसरं वाक्य तेल बनवणाऱ्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र असतं. एकच डबा एटीएफही आहे आणि सीव्हीटीचंही, असा दावा असेल तर मी तो माझ्या हातानं कुठल्याही गाडीत ओतणार नाही.

मॅन्युअलवाल्यांनो, तुमच्याकडेही एक सापळा आहे. डब्यावर गिअर ऑइलचा दर्जा म्हणून जीएल-४ किंवा जीएल-५ असतं. पाच हा आकडा मोठा, म्हणून माल चांगला, असं वाटतं. जीएल-५ मुळात डिफरन्शियलमधल्या, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या भागातल्या, हायपॉइड गिअरसाठी, त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त. गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात, बऱ्याच गाड्यांत पितळी. अशी झिजलेली रिंग मी वर्गात मुलांच्या हातात देतो. नव्या रिंगेच्या आतल्या बाजूला नखानं जाणवतील असे बारीक आटे असतात, ते तेलाचा थर कापून शंकूवर पकड घेतात. झिजल्यावर तिथून बोट सुळकन फिरतं. काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळेला बाधतात आणि ती जादा निसरडी असली तर रिंग पकडच घेत नाही, दुसरा गिअर करकरत पडतो. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४ च घाला. होंडाच्या कित्येक जुन्या मॅन्युअल गाड्यांत तर इंजिन ऑइलच सांगितलेलं असायचं आणि काही गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला एटीएफ लागतं. अंदाजानं गिअर ऑइल ओतलं की थंडीत गिअर जड झालेच म्हणून समजा.

'जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स जातो.' हे तुम्ही ऐकलं असेल. ज्यांच्या बाबतीत तसं झालं ते खोटं बोलत नाहीत. पण क्रम बघा. गिअर घसरायला लागला, म्हणून तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला. अस्तर आधीच संपलेलं होतं. अशा गिअरबॉक्समध्ये जुन्या तेलात तरंगणारी अस्तराची भुकटीच थोडीफार पकड देत असते. नवं तेल आलं आणि ती गेली.

म्हणून बदलण्याआधी आतलं तेल तपासा. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी-लाल असेल आणि जळका वास नसेल, तर नुसतं जुनं झालंय, बदलायला हरकत नाही. काळं आणि करपलेलं असेल, तर आधी गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं चेंबर काढून आतलं चुंबक बघा. त्यावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप ही रोजची झीज आहे. चमकणारे तुकडे दिसले तर तेलाचा विषयच संपला, गिअरबॉक्स उघडावा लागणार. आणि थेंब दुधट गुलाबी असेल तर गाडी चालवूच नका. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. पाण्यानं क्लचचं अस्तर फुगतं आणि त्याखालचा गोंद सुटतो.

खालचा बोल्ट काढला की सगळं तेल निघत नाही, हेही लक्षात ठेवा. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. एका वेळी निम्मं बदललं असं धरलं, तर पहिल्यांदा नवं ५० टक्के, दुसऱ्यांदा ७५ आणि तिसऱ्यांदा साधारण ८७. मधे थोडे दिवस गाडी चालवायची. ती थरथरणारी गाडी तीनदा का आणली, ते आता कळलं असेल. जुन्या गाडीला मी हीच पद्धत सुचवतो. केरोसीन घालून गिअरबॉक्स 'धुऊन' देतो असं कुणी म्हटलं, तर तिथून गाडी परत घेऊन या.

पातळी मोजण्याची रीतही गाडीगणिक बदलते. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून मोजतात, होंडात गरम करून बंद केल्यावर. डिपस्टिकच नसेल तर बाजूच्या बुचातून, तेलाचं ठरावीक तापमान असताना, काही गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान.

शेवटचं सांगतो, कारण यात लोक फार अडकतात. खालचा बोल्ट सोडण्याआधी वरचं भरायचं बूच सुटतंय का ते पाहा. जुन्या गाडीत ते वर्षानुवर्षं गंजून बसलेलं असतं. तेल सांडून झाल्यावर ते सुटलं नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. आता प्रश्न घेऊ या. ज्यांनी गिअरबॉक्सचा कोड लिहून आणलाय, त्यांनी आधी पुढे या.