भुताला अमावास्या लागते

नमस्कार. पत्रिकेवर विषयाचं नाव लांबलचक छापलंय, पण तो दोष माझा नाही, हा कादंबरीप्रकारच तसा आहे. नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेली बाई, मागावर तो, आसऱ्याला पडका वाडा, वाड्यात भूत आणि शेजारी एक बरा पुरुष. यात भूत कशाला लागतं, एवढंच आज सांगायचंय.

आधी एक तक्रार. आमच्या गावच्या वाचनालयात ही पुस्तकं 'भयकथा'च्या कपाटात असतात. मी म्हटलं, अहो, यात प्रेम आहे. ग्रंथपाल म्हणाले, "मग प्रेमकथांत टाकतो." म्हटलं, आणि नवरा मारतो त्याचं काय? म्हणाले, "मग सामाजिक." शेवटी पुस्तक बांधणीला गेलं, ते तीन वर्षं झाली तरी आलेलं नाही. (हसताय, म्हणजे तुमच्याकडेही हेच!) तिथे एक मावशी यायच्या. वर्तमानपत्राचं कव्हर घालून हीच पुस्तकं न्यायच्या. एकदा विचारलं, मावशी, रात्री भीती नाही वाटत? म्हणाल्या, "भुताला निदान अमावास्या लागते रे." पुढे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

माझा सगळा डोलारा त्या वाक्यावर उभा आहे. आपल्या भुतांना नियम असतात. मुंजा पिंपळ धरून बसतो, उतारा ओलांडला नाही की आपण सुटलो. नवऱ्याला ना झाड, ना वेस. काडीमोड झाला तरी तो माहेरच्या ओट्यावर येऊन बसतो.

या प्रकाराच्या दोन आया मी मानतो, दोघी सख्ख्या बहिणी. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये, १८४७ साली, माळ्यावरून भुतासारखं हसू येतं आणि ती निघते मालकाची कोंडलेली बायको. पुढच्याच वर्षी धाकट्या अ‍ॅनने 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' लिहिली. तिथे बायकोच, हेलन तिचं नाव, मुलाला घेऊन पळते, खोट्या नावाने पडक्या घरात राहते, चित्रं विकून पोट भरते. ती पळणार हे कळताच नवऱ्याने तिचं रंगसाहित्य आगीत टाकलेलं असतं. आणि कायदा? लग्न झालेल्या बाईची कमाई तेव्हा नवऱ्याचीच. म्हणजे विकलेलं प्रत्येक चित्रही त्याचंच! (आपण हसायला नको. १८८७ साली मुंबईत कोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

अ‍ॅनच्या पुस्तकात भूत नाही, म्हणून हेलनला डायरी द्यावी लागते. शेजारचा गिल्बर्ट तिच्यावर जीव टाकतो, पण तिच्या भावालाच प्रियकर समजून चाबकाने मारतो. 'बरा पुरुष' तो हा! त्याला पटावं म्हणून तिने सगळं लिहिलेलं दाखवायचं. पुढच्या लेखिकांनी तिथे भूत आणलं. त्याच घरात आधी कुणीतरी सोसून मेलेली असते, तिला पुरावा मागायचा नसतो. ती दार लावते, दिवा विझवते, नवरा कुठवर आलाय ते कळवते. पोलीस, भाऊ, शेजारी यांनी करायचं काम ती करते.

प्रेमाचं राहिलंच. ते चहाच्या वेळी. ग्रंथपालसाहेब आले असतील तर त्यांनी मात्र थांबावं, बांधणीवाल्याचा पत्ता हवाय.