कुंपण मागाहून आलं

मध्य इंग्लंडमधलं हे कुरण. ऊन कललं की गवताखालचे वरंबे उठून दिसतात. सरी, वरंबा, पुन्हा सरी. टोकाकडे प्रत्येक वरंबा किंचित वळलेला, उलट्या 'एस'सारखा. मध्ययुगात इथं आठ-आठ बैलांचं औत चालायचं. एवढं लांबलचक औत फिरवायचं, तर शेत संपायच्या बऱ्याच आधी बाक घ्यावा लागे. बैलांची ती चाल अजून जमिनीत आहे.

आणि या वरंब्यांना आडवं कापत गेलेलं ते झुडपांचं कुंपण बघा. पट्टीनं आखल्यासारखं सरळ. ते मागाहून आलं, हे ओळखायला कागदपत्रं लागत नाहीत.

त्याआधी खुल्या शिवारात प्रत्येकाच्या पट्ट्या विखुरलेल्या असत. पीक निघालं की तिथंच सगळ्यांची गुरं चरायची. पलीकडचा माळ चराईला आणि सरपणाला. पण हे रान बेवारस मुळीच नव्हतं. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितकी जनावरं पोसता येतील, तितकीच उन्हाळ्यात माळावर सोडायची, असा अनेक ठिकाणी दंडक होता. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावात आजही नोव्हेंबरअखेर पंच शिवारफेरी करतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, सामाईक गवतात नांगर घालणाऱ्याला दंड लावतात.

पुढे जमीनदार या सामाईक रानाला स्वतःची कुंपणं घालू लागले. 1549 मध्ये पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये अशी कुंपणं पाडत निघालेला जमाव रॉबर्ट केट या जमीनदाराच्या शेतावर आला. केटनं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि स्वतःचंच कुंपण त्यांच्यासोबत पाडलं. पुढे तोच त्यांचा म्होरक्या झाला. नॉरिचबाहेरच्या माउसहोल्ड माळावर हजारोंनी तळ ठोकला. उठाव चिरडला गेला. डिसेंबरमध्ये केटला फाशी दिली.

उरलेलं काम संसदेनं केलं. 1604 ते 1914 या काळात 5,200 हून अधिक कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणात गेली. हक्क सिद्ध करू शकला, त्याला तुकडा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या एखादी गाय माळावर सोडणाऱ्या गरिबाच्या हाती बहुधा नुसती वहिवाट होती. ती कुणी मोजली नाही. हा अन्याय होता, कायदेशीर असला तरी.

माळ जिथं वाचला, तिथं जुन्या खुणाही वाचल्या. नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दगडी बांध मैलोन्‌मैल सरळ गेलेले दिसतात, कारण पुढे तिथं नांगर फारसा फिरलाच नाही. बांधांच्या वरच्या अंगाचा मोकळा माळ तेव्हाही सामाईक चराईचा असावा, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. त्या माळावर आजही गुरं चरतात. मात्र 1965 च्या कायद्यानं सामाईक जमिनींची नोंदणी सक्तीची केली, आणि मुदतीत न नोंदवलेले चराईचे हक्क 1970 मध्ये संपले.