ऑपरेशनचं केळवण

श्रोतेहो, नमस्कार. लग्न ठरलं की केळवणं सुरू होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ऑपरेशन ठरलं म्हणून केळवणं झाल्याचं कधी ऐकलंय? आमच्या घरात झाली. एक नाही, दोन नाही, 14 दिवसांत 9 झाली.

मी आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी काय खायचं, नंतर काय खायचं, हे सांगण्यात माझी 19 वर्षं गेली. आणि ज्यानं माझं सगळ्यात कमी ऐकलं, तो पेशंट माझा सख्खा मोठा भाऊ. त्याची परवानगी घेऊनच सांगतेय. "सांग की, पैसं मिळत्यात न्हवं?" असं म्हणाला तो.

दादा सांगलीत असतो. लग्नाकार्याच्या जेवणाची कामं घेतो. हजार पानांचा मटणाचा रस्सा वजनकाटा न लावता करणारा माणूस. उंची 5 फूट 6 इंच, वजन 124 किलो. सोबत मधुमेह. रात्री असा घोरायचा की शेजारच्या खोलीत झोपलेल्या वहिनीची झोप उडायची, आणि घोरणं मधेच थांबलं की भीतीनं उडायची. जिना चढून आला की पाच मिनिटं बोलता यायचं नाही. आता कुणी म्हणेल, तोंड आवरलं असतं तर ही वेळ आली नसती. त्यांना एकच विनंती, दम्याच्या माणसाला "जरा नीट श्वास घे" म्हणता का? नाही ना? मग इथंही नका म्हणू. दादानं तीन वेळा 15-15 किलो वजन उतरवलं होतं, आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आलं होतं.

तर स्लीव्ह करायचं ठरलं. म्हणजे दुर्बिणीतून जठराची बाहेरची बाजू कापून काढायची. साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त जठर जातं आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. कापलेल्या भागातच भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं, त्यामुळे नुसतं पोट लहान होत नाही, भूकही उतरते. दुसरा प्रकार बायपासचा, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडायची. तो जुना, 1966 मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेला. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. कुणाला कुठलं ऑपरेशन, ते सर्जन ठरवतील. शेजारणीनं जे केलं तेच मला करा, असं सांगायला जाऊ नका.

आता ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे. नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. या दोन आठवड्यांत भात, पोळी, साखर, तळण जवळजवळ बंद. ताक, पनीर, अंडी, भाज्या, प्रोटीनची पावडर, एवढंच. हे कशासाठी? वजन उतरवायला? नाही. लिव्हर उतरवायला. जठराच्या वर लिव्हरची डावी पाळी झाकणासारखी पडलेली असते. वजन जास्त असलेल्या माणसाचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं, आणि त्यात साखरेचा साठा असतो, त्या साठ्यासोबत पाणी धरलेलं असतं. पीठ-साखर बंद केली की आधी तो साठा संपतो, पाणी सुटतं, मग चरबीही हलते, आणि लिव्हर आवळतं. मगच सर्जनला ते बाजूला उचलून धरता येतं.

हे सगळं मी दादाला कागदावर लिहून दिलं होतं. वहिनीला फोनवर सांगितलं होतं. रोज रात्री 9 ला पुण्याहून फोन.

"काय जेवलास?"

"ताक. काकडी. आन तुझं ते पनीर."

"भूक लागते का?"

"लागती की. पर काय करायचं, सोसायचं."

आवाज इतका केविलवाणा की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. एका रात्री मागून कुणीतरी म्हणालं, "आरं घे की अजून एक, आता पुन्हा कधी खाणार हायस?" मी विचारलं, कोण बोलतंय? म्हणाला, "टीव्ही."

तो टीव्ही म्हणजे आमची आत्या होती. झालं होतं असं, की पोट कापणार म्हटल्यावर सगळ्या भावकीला वाटलं, बिचारा आता जन्मभर जेवणार नाही. मग सुरू झालं. आत्याकडे पुरणपोळी आणि कटाची आमटी. इस्लामपूरच्या मामांकडे तांबडा-पांढरा. मिरजेच्या मित्रांनी बिर्याणीचं पातेलंच घरी पाठवलं. कुणी नरसोबाच्या वाडीला गेलं होतं, त्यानं येताना बासुंदी आणली, आणि ती प्रसादासारखी, नाही कसं म्हणायचं? मामींनी तर टॉवेल-टोपी देऊन नारळ दिला. दादा म्हणतो, "लग्नात झाली न्हवती तेवढी माया झाली."

दाखल व्हायच्या दिवशी वजन केलं, तर दोन किलो वाढलेलं. दादानं सांगितलं, खिशात गोदामाच्या किल्ल्या होत्या.

पण हां, आदल्या रात्रीपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ त्यानं मिनिटाला पाळली, आणि त्याच्या मते पथ्य ते एवढंच. इथं फसतात लोक. पोट एका रात्रीत रिकामं होतं, लिव्हर होत नाही. पुन्हा सांगते, पोट एका रात्रीत रिकामं होतं, लिव्हर होत नाही.

सकाळी 8 ला आत नेलं. दोन-अडीच तास लागतील म्हणाले होते. पाऊण तासात दार उघडलं. पाऊण तासात सर्जन बाहेर आले की चांगली बातमी नसते, हे मला एवढ्या वर्षांत कळतं. माझे पाय गळाले. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण ऑपरेशन केलेलं नाही." दुर्बीण आत घातली, तर लिव्हरनं अख्खं जठर झाकलेलं. उचलायला गेलं की कडेनं रक्त यायला लागलं. असं लिव्हर ठिसूळ असतं. ओढाताण करण्यापेक्षा त्यांनी छिद्रं शिवून टाकली. मी मनातल्या मनात हात जोडले त्यांना. थांबता येणारा सर्जन मिळायला नशीब लागतं.

दादा शुद्धीवर आला, पोटावरच्या पट्ट्या चाचपल्या आणि पहिला प्रश्न, "झालं न्हवं?"

"नाही झालं."

"मग ही भोकं कशाची?"

दुसऱ्या दिवशी सर्जन लॅपटॉप घेऊन खाटेपाशी आले आणि आतलं चित्रण दाखवलं. निरोगी लिव्हर गडद तांबूस, काठ सुरीसारखा पातळ. हे पिवळट, काठ गोल आणि जाड, थापलेल्या पिठल्यासारखं. दादा बघत राहिला. मला वाटलं, घाबरला. पण त्याच्यातला आचारी जागा झाला होता. मान हलवून म्हणाला,

"सायेब, असली कलेजी खाटकानं दिली असती, तर मी त्याच्या तोंडावर मारून परत पाठवली असती."

सर्जन हसून खुर्चीत बसले. पण ते वाक्य बोलून झाल्यावर दादा गप्प झाला, आणि बऱ्याच वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाला, "नऊ केळवणं झाली गं, बायडे." तेव्हा मला कळलं. तोवर मी वहिनीच्या काकडीवर संशय घेत होते.

सात आठवड्यांनी पुन्हा तारीख मिळाली. या वेळी त्यानं पथ्य असं पाळलं की वहिनी कंटाळली. कलेजीचा रंग त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. तंबाखूची पुडी सुटली. बिडी-सिगारेटवाल्यांनो, निदान सहा आठवडे आधी बंद, कारण टाके भरायला रक्त पोचावं लागतं. तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र देतात, त्याचा सराव आधीपासून करा. आणि ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. दादा आठवडाभर फुंकत होता आणि गोळ्या का उठत नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडत होता.

या वेळी ऑपरेशन व्यवस्थित झालं. केळवणं खाऊन गेला होता, केळ्याएवढं पोट घेऊन आला.

आता नंतरचं सांगते, वेळ थोडा उरलाय. त्याच संध्याकाळी उठून चालायचं. दुखतं म्हणून पडून राहू नका, पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. खांदा दुखला तर घाबरू नका, पोट फुगवायला भरलेल्या वायूनं दुखतो, चालल्यावर उतरतो. मग पाणी. एका वेळी साधारण 30 मिली, तेही घोटघोट. दादानं खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण धुऊन घेतलं होतं. हजारांच्या पंगतीला डावानं वाढणारा माणूस टोपणानं पाणी प्यायचा, आणि भेटायला येणारे नारळ, सफरचंदं घेऊन यायचे. भेटायला जाताना खाणं नेण्याची आपली ही पद्धत मला मेली कधी आवडली नाही. वर्तमानपत्र न्या, गप्पा न्या.

आधी काही दिवस पातळ आणि गाळलेलं, मग ताक-दूध-प्रोटीन, मग घोटलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणाकडे यायला साधारण सहा आठवडे. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो, तुमचा जो असेल तो पाळा. जेवण आणि पाणी एकत्र नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबून पाणी. पुन्हा सांगते, जेवण आणि पाणी एकत्र नाही. आणि ताटात पहिला घास प्रथिनांचा. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. "आम्ही रोज वरण खातो" असं प्रत्येक घरात ऐकते मी. वाटीभर पातळ वरणात फार तर पाच ग्रॅम असतात हो. अंड्यात सहा. हिशेब तुम्हीच करा.

पोळी फार सांभाळून. नीट चावली नाही तर तिचा लगदा होऊन गोळा अडकतो. दादाचा अडकला होता, दुसऱ्या महिन्यात, एका मुंजीच्या मांडवात. तोंडाला फेस आला, छातीत दगड बसल्यासारखं, अर्धा तास मागच्या बाजूला उभा होता. तिथं बुफे होता. पंगत असती तर दोन घासांच्या मधे थोडा तरी वेळ मिळाला असता. पंगतीत वाढपी येईपर्यंत हात थांबतो, आग्रहाला नाही म्हणता येतं. बुफेत माणूस स्वतःलाच आग्रह करतो. असो, तो विषय वेगळा.

तीन-चार महिन्यांनी केस गळतात. प्रथिनं नीट असली तर परत येतात. गोळ्या मात्र कायमच्या: बी 12, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या. बरं वाटतंय म्हणून सोडल्या की वर्षादोनवर्षांनी हातापायाला मुंग्या येतात. बायकांनी पुढचं वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. मधुमेह, रक्तदाबाची औषधं पहिल्या आठवड्यापासूनच कमी करावी लागू शकतात, जुन्या मात्रेवर राहिलात तर साखर एकदम खाली येईल. ती कमी-जास्त डॉक्टरांनीच करायची. आणि औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आपल्या मनानं नाही, बायपासवाल्यांनी तर नाहीच.

हे शेवटचं घरच्यांसाठी. नाडी 120 च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, एकाच पायाची सूज, पाणीही न टिकणं, यातलं एक जरी दिसलं तरी गॅस झाला असेल म्हणून ओवा देत बसू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

दादाला परवा वर्ष झालं. 88 किलो. रस्सा अजून स्वतःच करतो, चव मात्र चमच्यानं घेतो. वर्ष झालं म्हणून आत्यानं त्याला जेवायला बोलावलं. मी रात्री 9 ला फोन केला, पण आता मी दादाला विचारत नाही, फोन आत्याकडे द्यायला सांगते.

"अर्धी पोळी खाल्ली बघ त्यानं," आत्या म्हणाली. "उरलेली मी खाल्ली. ताटातलं टाकायचं कशाला?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "का गं, माझी कलेजी कसल्या रंगाची असंल?"