चंद्र गोल दिसला पाहिजे

(काळोख. प्रोजेक्टरचा झोत. मग सभागृहातले दिवे.)

सोळा मिनिटांचा सिनेमा संपला आणि जळगावच्या या सभागृहात दोन तट पडले. "हाई काय शे भो?" म्हणत उठणारे एकीकडे, "परत लावा" म्हणणारे दुसरीकडे.

सिनेमा १९२९चा, 'आंदालुशियाचा कुत्रा'. दिग्दर्शक लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांनी तो लिहिला. यात कुत्रा नाही, स्पेनमधला आंदालुशिया प्रांतही नाही. लिहिताना नियम एकच होता: ज्याचा तर्काने उलगडा होईल, ते काढून टाकायचं. म्हणून तळहातातून मुंग्या निघतात आणि पियानोंवर मेलेली गाढवं पडलेली असतात. 'सोळा वर्षांपूर्वी' अशी पाटी येते, पण खोली तीच आणि माणसंही तीच. पॅरिसमधल्या पहिल्या खेळाला बुन्युएल पडद्यामागे ग्रामोफोन वाजवत होता. लोक अंगावर आले तर हाताशी असावेत म्हणून त्याने खिशात दगड भरले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

(बाहेर पडणारे प्रेक्षक.)

चिडून गेलेल्यांना "तुम्हाला कळत नाही" म्हणणं अन्यायाचं आहे. काट्याच्या अणीवर तीन गावं वसतात ते भारूड आपल्याकडे आवडीने ऐकतात, त्यामुळे असंबद्धाचं इथे कुणाला वावडं नाही. पण याचा अर्थ सद्गुरूवाचून कळत नाही, असं ते भारूड शेवटी सांगतं. म्हणजे अर्थ आहे, एवढी खात्री ऐकणाऱ्याला मिळते. हा सिनेमा तीही देत नाही. राग त्याचा आहे, आणि तो खरा आहे.

काही राग मात्र दाखवणाऱ्यांनी ओढवून घेतलेला असतो.

(पडद्यावर चंद्र.)

सुरुवातीला पूर्ण चंद्रावरून ढगाची बारीक रेघ सरकते, आणि लगेच वस्तरा डोळ्यावरून फिरतो. चंद्र आणि बुबुळ, दोन गोल एकामागून एक. मूळ चौकटीची रुंदी-उंची चारास तीन. प्रोजेक्टर सोळास नऊवर ठेवून चित्र पडदाभर ताणलं, तर रुंदी एक तृतीयांशाने वाढते. चंद्र अंडाकृती होतो, डोळ्याशी त्याचं नातं तुटतं आणि हाती फक्त किळस उरते. म्हणून प्रेक्षक यायच्या आधी चंद्रावर चित्र थांबवायचं आणि पडद्यावर टेपने मोजायचं: उभं-आडवं सारखं भरलं पाहिजे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात.

दुसरी अडचण कूलरची. एप्रिलमध्ये तो बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला तर सिनेमातलं टँगो हे नृत्यसंगीत ऐकू येत नाही. हे संगीत बुन्युएलने १९६०मध्ये जोडलं. टँगो आणि जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत आलटून पालटून येतात, आणि निम्मा चमत्कारिकपणा त्यातच आहे. तासभर आधी हॉल गार करून घ्यावा आणि ती सोळा मिनिटं कूलर बंद ठेवावा.

वस्तऱ्याची सूचना आधीच द्यावी. डोळा मेलेल्या वासराचा आहे, हेही सांगावं. ज्याला नको असेल त्याने तेवढ्यापुरते डोळे मिटावेत.

(कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या जातात.)

संपल्यावर "अर्थ काय?" हा प्रश्न सर्वांत आधी नको. पहिला मोठा आवाज ज्याचा, त्याचंच मत मग हॉलभर फिरतं. पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. काय दिसलं, एवढंच चिठ्ठीवर लिहायचं. मग चिठ्ठ्या वाचायच्या, आणि थांबलेल्यांसाठी सिनेमा पुन्हा लावायचा.

पहिल्या चिठ्ठ्यांवर वस्तरा असतो, मुंग्या असतात. सिनेमातली तिरप्या पट्ट्यांची छोटी पेटी बहुतेकांना दुसऱ्या खेळात दिसते.